दहापैकी दहा

दहापैकी नऊ खुणा जुळल्या होत्या आणि दहावीसाठी ताई यंत्राच्या पडद्याला नाक लावून बसली होती. अकरा वर्षं ती या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने जुळवत होती.

दहावीही जुळली.

"मॅडम!" ती ओरडलीच. "लवकर या!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कपातला चहा सांडत धावत आल्या. दोन महिने सगळे या एकाच कामाच्या मागे हात धुऊन लागले होते. ताईच्या धाकट्या भावाच्या हाडांतली मज्जा रक्त बनवायचं विसरली होती. दुसऱ्या कुणाची मज्जा मिळाली तरच तो वाचणार होता. पण शरीर म्हणजे महासंशयी! पेशींच्या अंगावरच्या खुणा चाचपून ते आपलं कोण, परकं कोण हे ठरवतं आणि परक्याला दारातही उभं करत नाही. त्यात धाकट्याच्या खुणा लाखात एक. आईच्या पाच जुळल्या, ताईच्याही पाचच. त्या दिवशी ताई स्वतःच्याच रक्तावर चिडली होती.

"नमुना कुठला?" मॅडमनी विचारलं.

"जुन्या पेटीतला. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा दाता नोंदणी शिबिरात घेतलेला. तेव्हा वरवर तपासून ठेवून दिला होता. आज नव्या यंत्रावर घेतला."

मॅडमनी डोळे बारीक केले. "तुझ्या भावाचा थेंब चुकून यात पडला नाही ना? मूळ नळीतून परत लावू."

या वेळी मॅडमनी स्वतः लावला, वेगळ्या खोलीत, नवे हातमोजे घालून. ताई दाराबाहेर येरझारा घालत राहिली.

दहापैकी दहा.

"अगं, सख्ख्या भावंडांचंही दर वेळी असं जुळत नाही!" मॅडमनी हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या.

नळीवर फक्त क्रमांक होता. दात्याचं नाव प्रयोगशाळेला कळत नसे आणि रुग्णाचं नाव नोंदणी कार्यालयाला. कुणी कुणावर दडपण आणू नये म्हणून नियमच तसा होता. मॅडमनी लगेच तो क्रमांक कार्यालयाला कळवला.

"ते आता त्याला फोन लावतील. तू जा वर, भावाला सांग."

ताई एकेक पायरी गाळत तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत पोचली. तोंडाला पट्टी बांधायचं भान मात्र तिला राहिलं.

"मिळाला रे, मिळाला!"

धाकटा उठून बसला. कितीतरी दिवसांत तो आपणहून उठला नव्हता. "थट्टा नको हं, ताई."

"दहापैकी दहा! आता त्या माणसाने हो म्हटलं की झालं."

"आणि नाही म्हणाला तर?"

ताईने त्याची चादर सारखी केली. ऐन वेळी पाय मागे घेणारे दाते तिने पाहिले होते.

"छे, नाही कसा म्हणेल?" धाकट्यानेच स्वतःची समजूत घातली. "कुणाचा तरी जीव वाचतोय. मी तर उडी मारून गेलो असतो."

"तू काय, शेजाऱ्यांचं कपाट हलवायलाही उडी मारून जातोस."

दोघं खळखळून हसली. हसता हसता ताईला रडू फुटलं. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं आणि तिला फार फार बरं वाटलं.

तेवढ्यात उशीजवळचा धाकट्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"हो, मीच बोलतोय," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आठ वर्षांपूर्वी? हो हो, कॉलेजच्या शिबिरात दिला होता की! एक मिनिट हं."

त्याने फोनवर हात ठेवला आणि तो ताईकडे वळला. त्याचे डोळे लकाकत होते.

"ताई, आज दिवस तरी काय आहे बघ! माझाही नमुना कुणाशी तरी जुळलाय!"