काळी पडलेली चांदी

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी नर्सनं तिची चांदीची जोडवी भिकाजीच्या हातात ठेवली. त्यानं ती डबीत टाकली आणि पुन्हा पाहिली नाहीत. मधुमेहात तिच्या पायाची जखम पट्टीखाली काळी पडत गेली आणि कळेपर्यंत विष अंगभर पसरलं. आज लालबागच्या खोलीत गरम तेलानं भाजलेल्या मुलीच्या पायावरची पट्टी कडेनं काळी दिसली. त्यानं कात्री उचलली. “बाबा, हात नको लावू! डॉक्टर म्हणाल्या ना, पट्टीत चांदीचे नॅनो कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते जंतू मारतात. चांदी काळी पडणारच.” “तुझ्या आईचा पायही असाच काळा पडला होता गं.” “मग तिची जोडवी काढून बघ. तीपण सडली का?” त्यानं डबी उघडली. जोडवी काळीकुट्ट होती. त्यानं कात्री हाताशीच ठेवली. डॉक्टर पट्टी सोमवारी उघडणार होत्या.