पिंगीचा खांब

खांबाचं सुंभ दोन जागी सैल झालं होतं. चिमाने ते ओढून घट्ट केलं आणि बारीक चूक ठोकली. वर आंब्याची रिकामी पेटी आडवी बसवलेली होती. त्यातली गादी तिने उन्हात झटकली, पिसवा होऊ नयेत म्हणून खाली निरगुडीचा ताजा पाला घातला, वाळवीसाठी बुडाला रॉकेलचा बोळा फिरवला.

मग पदराखालून तीन चुका ठोकलेली करवंटी काढून सुंभावर दोनदा खसाखसा ओढली. तंबाखूच्या डबीत जपलेले मांजराचे चिमूटभर केस गादीवर पसरले. झालं, मांजर रात्री येऊन गेलं!

पिंगीला श्रावणातच बिबट्याने नेलं होतं. परसात शेपटीचा तुकडा तेवढा उरला होता. तो चिमाने कुणाला न सांगता फणसाखाली पुरला.

मालकीण सुंदराबाईंना सांगायचं तरी कसं? मांजर त्यांच्या वारलेल्या लेकीचं, विमलाचं. नखं घासायला हा खांब, निजायला ही पेटी, सगळं विमलाने दुखण्यात बसून हौसेने केलेलं. जाताना तिने आईकडून वचन घेतलं होतं, माझ्या पिंगीला एक रात्रही परक्याच्या हाती टाकून जाऊ नकोस. मांजर गेल्याचं कळलं तर म्हातारी हाय खाऊन मरेल, अशी चिमाची खात्री होती. शिवाय मांजराच्या नावचं वाटीभर दूध रोज तिची धाकटी हौसा पीत होती. हे कारण मात्र चिमा मनातसुद्धा मागच्या रांगेत बसवी.

फसवणं अवघड नव्हतं, हेच वाईट. विमलामागे पिंगी कुणाच्या मांडीवर आलीच नव्हती. रात्री यायची, वाटी चाटायची, उजाडायच्या आत पसार. सुंदराबाईंचा एक डोळा काचबिंदूने गेलेला. दुसऱ्याला उजेड आणि सावली एवढंच कळे. रोज सकाळी त्या काठी टेकत खांबापाशी येत आणि सुंभावरून बोटं फिरवत.

"आली व्हती गो चिमे?"

"आली व्हती काकी. ताजे ओरखाडे हायत."

"हायत खरे," म्हणून त्या बराच वेळ बोटं तिथेच ठेवत. चिमाला भरून येई.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि सुंदराबाईंचा मुलगा राजाराम मुंबईहून त्यांना न्यायला आला.

"आई, ऑपरेशनची तारीख मिळालीय. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर उरलीसुरली नजरही जाईल. गेलेली मग परत येत नाही."

"पिंगीला घेशील संगती?"

"तुझ्या सुनेला दमा आहे, तुला माहीत आहे. मांजराचा केस उडाला तरी तिचा जीव घाबरा होतो."

"मग कशी येऊ रे? इमलाला शबूद दिलाय."

राजारामने केरसुणी घेऊन दारात उभ्या असलेल्या चिमाकडे पाहिलं. "मांजर आहे तरी का? दोन दिवसांत मला दिसलं नाही."

चिमा घाईने म्हणाली, "रातचं येतं दादा. खांब बगा की."

सुंदराबाईंनी त्याच्या आवाजाकडे मान वळवली. त्याने खांब पाहिला, ओरखडे पाहिले, गादीवरचा एक केस उचलून चिमटीत धरला.

"आहे बाई," तो म्हणाला.

सुंदराबाई काठी टेकत आत गेल्या. दुपारच्या लांज्याच्या एस.टी.ने राजाराम एकटाच गेला. चिमाचा जीव भांड्यात पडला. म्हातारी वाचली, दूधही वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने खांबाला नवं सुंभ गुंडाळलं.

माघ लागेपर्यंत सुंदराबाईंना देवापुढची वातही दिसेनाशी झाली. एका सकाळी त्या खांबाकडे निघाल्या आणि भिंतीवर आदळल्या. चिमाने हाताला धरून आणलं. त्यांची बोटं तीन ताज्या ओरखड्यांवर येऊन थांबली.

"चिमे, कुनाला बोलू नको. पाप हाय, पन आता मनात ऱ्हात नाय."

"काय झालं काकी?" चिमाने पदराखालची करवंटी घट्ट धरली.

"ही मेली असती तर मी इमलाच्या शबदातून सुटले असते गो. दिवाळीतच राजारामासंगं गेले असते. रोज सकाळी खांब चाचपते तो कशाला? वाटतं, आज तरी नवा ओरखाडा नसल."