बंदचा निरोप

सूर अडकत नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती.

तिचं सामान खाली टेंपोत भरून झालं होतं. ड्रायव्हरने दोनदा हाका मारल्या होत्या. दोन्ही वेळा तिने "आले" म्हटलं होतं आणि ती जागची हलली नव्हती. स्वयंपाकघराच्या रिकाम्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती उभ्या उभ्या पडद्याकडे बघत होती.

"जाण्याआधी एकदा लावून बघायचं," तिने नवऱ्याला ठणकावलं होतं. "चूक कोणाची ते कळलंच पाहिजे. माझ्या प्रोग्रामची की तुझ्या यंत्राची."

नवरा बरं म्हणाला होता. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. वेगळं व्हायचंय म्हटल्यावरही बरंच म्हणाला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दोघं मिळून संगीताचे कार्यक्रम करायची. काम असं. कोणता सूर, किती वेळ, त्यामागून कोणता, हे तिचा प्रोग्राम आकडेमोड करून ठरवायचा. दर वेळी चाल नवी. ती दाराखालून गेलेल्या लांब वायरीतून पलीकडच्या खोलीत पोचायची. तिथे नवऱ्याचं यंत्र होतं. भिंतभर कपाट, त्यात बटणं, दिवे आणि रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. ते वाजायचं. आता, एका सुराला दोन निरोप लागतात. एक सुरू हो म्हणून, दुसरा बंद हो म्हणून. दुसरा पोचला नाही, की यंत्र बापडं पहिल्यालाच धरून बसतं आणि भोंग्यासारखं वाजत राहतं.

वर्षभर हेच चाललं होतं. ती दार लावून कामात बुडालेली असायची आणि पलीकडे सूर अडकायचा. "अडकला गं!" तो ओरडायचा. ती हातातलं टाकून धावायची. वायरी चाचपायची, यंत्राला नावं ठेवायची. तो प्रोग्रामला नावं ठेवायचा. मग चहा व्हायचा, भांडण व्हायचं, मध्येच हसूही यायचं. पुढे पुढे चहा आणि हसू गेलं, भांडण तेवढं उरलं. नवल म्हणजे कार्यक्रमात, शेजारी शेजारी बसून वाजवताना, सूर एकदाही अडकला नाही. घरात मात्र हटकून.

तिने प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. काही सापडेना. शेवटी तो माणूसच नकोसा झाला. "माझंच चुकतंय हे ऐकायला मी काय रिकामटेकडी आहे?" ती आईला फोनवर म्हणाली, आणि लगेच भाड्याची खोली शोधायला लागली.

आज तिने पक्का बंदोबस्त केला होता. प्रत्येक निरोप पडद्यावर दिसणार होता. पोचला तर हिरवा, नाही पोचला तर लाल, आणि का नाही पोचला तेही खाली. यंत्राची खोड सापडणार याची तिला बालंबाल खात्री होती.

पण सगळं हिरवंगार होतं. पलीकडून चाल येत होती आणि, कशाला खोटं बोला, गोड होती. भांडणाच्या नादात तिने ती कित्येक महिन्यांत नीट ऐकलीच नव्हती. तिला एकदम रडू आलं. प्रोग्राम बरोबर, यंत्रही धड, मग आपण निघालो कशासाठी?

चाल संपत आली. शेवटचा सूर लागला. आणि अडकला.

या वेळी तो ओरडला नाही. पडद्यावर एकच लाल ओळ आली होती. वायर जोडलेली नाही.

ती पलीकडे गेली. तो कपाटाला टेकून जमिनीवर बसला होता. वायरीचं टोक त्याच्या हातात होतं. ते परत खोचायला वेळ होता, पण या वेळी त्याने ते खोचलं नव्हतं.

"दर वेळी तूच?"

"हो."

"अरे, वर्षभर डोकं फोडून घेतलं मी! हाक मारता येत नव्हती?"

"मारायचो की. तू आतून 'आले' म्हणायचीस आणि यायची नाहीस. सूर अडकला की तडक यायचीस. आधी गंमत होती. मग तू इतकी चिडायला लागलीस, की सांगायची हिंमतच होईना."

त्याच्या कानाखाली एक द्यावी असं तिला मनापासून वाटलं. "आणि आज? आज कशाला काढलीस?"

तो वायरीच्या टोकाकडे बघत राहिला. "बंदचा निरोप तेवढा पोचू द्यायचा नव्हता."

यंत्राचं मोठं बटण तिच्या हाताशीच होतं. दाबलं असतं, तर सगळं क्षणात गप्प झालं असतं. तिने दाबलं नाही. त्यानेही नाही. सूर घरभर वाजत राहिला.

ड्रायव्हर जिना चढून दारात आला. त्याने दोन्ही कानांवर हात धरले होते. "ताई, निघायचं ना? किती वेळ थांबू?"

"आले, आले," ती आतूनच ओरडली, आणि नवऱ्याशेजारी फतकल मारून बसली.