डाव्या हाताचं पाणी

सुकदेवने दोन बोटांत धरलेला पांढरा धागा लेकाच्या तोंडापुढे लोंबता सोडला.

"धर," तो म्हणाला.

"आप्पा, हा काय खेळ लावला?"

"एका चिमटीत धर. चाचपायचं नाही."

कल्पेशने हात पुढे केला. एकशे चौदा किलोचा गडी. दोन जाड बोटं मिटली, आणि धागा त्यांच्या पलीकडे लोंबतच राहिला.

सुकदेव सेलवासच्या आमली भागातल्या एका सुताच्या कंपनीत बावीस वर्षं मशीनवर होता. नवा माणूस आला की तो आधी हीच परीक्षा घ्यायचा. ज्याची चिमूट धाग्याच्या अलीकडे मिटते, त्याच्या एका डोळ्यात काही राम नसतो. अशाला मशीनवर घ्यायचं नाही, बोटं रोलरमध्ये जातात. त्याला पॅकिंगला पाठवायचं.

"परत धर."

या वेळी कल्पेशने मान जराशी डावीकडे वळवली आणि धागा पकडला. "घ्या. झालं?"

"मान का फिरवली?"

कल्पेश हसला. "रविवारी माझ्यासमोर येणारा धाग्याएवढा नाही, आप्पा. एकशे अठरा किलोचा आहे. दिसेल मला."

सुकदेवला हसू आलं नाही. जानेवारीत जाळीच्या पिंजऱ्यात झालेल्या लाथा-बुक्क्यांच्या लढतीत समोरच्याचा अंगठा कल्पेशच्या डाव्या डोळ्यात गेला होता. सूज आहे, उतरेल, असं कल्पेश म्हणाला होता. सूज उतरलीही. पण तेव्हापासून रस्ता ओलांडताना तो सगळी मान फिरवायचा. डाव्या बाजूने कोणी हाक मारली की दचकायचा.

खाटेवर बसलेल्या विकीने खिशातून कागद काढला. तो कल्पेशला शिकवायचा, त्याच्या लढती ठरवायचा. "काका, डॉक्टरने पास केलंय. हे बघा, सही-शिक्का सगळं आहे."

"तपासलं कसं?"

"भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा."

"उजवा झाकून वाचलं?"

"शेवटच्या ओळीपर्यंत," कल्पेश म्हणाला.

सुकदेव चिडला की धुळ्याकडच्या बोलीत यायचा. "झाकायला हात कोना व्हता?"

कल्पेशने आपल्याच तळहाताकडे पाहिलं. "मनाच."

सुकदेवने आपला तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. बोटं थोडी फाकवली. त्या फटीतून तो विकीकडे बघत राहिला.

विकीने कागदाची घडी घातली. "काका, नऊ लढतींत सात जिंकलाय पोरगा. ही मारली की सीधा दुबई. पोस्टरवर काय छापलंय माहितीये? सेलवासचा सिंह."

"सिंह वासोण्याच्या सफारीत पण आहेत जाळीत. त्यांना कोणी बुक्क्या मारत नाही."

"शनिवारी सुरतेला एकदा शेवटची तपासणी, बस. तोच तक्ता वाचायचा."

"आप्पा, तुम्ही मध्ये पडू नका," कल्पेश म्हणाला. "तुमच्याच कंपनीत सहा वर्षं खोकी उचलली मी. आता परत खोकी उचलू?"

"खोकी उचलायला एक डोळा पुरतो. जाळीत उरलेलाही गेला तर?"

"एक गेलाय, असं म्हणतं कोण?"

सुकदेवकडे फक्त धागा होता.

कल्पेशची आई तानूबाई ताटं घेऊन आली. शिफ्टमुळे सुकदेव कित्येक महिन्यांत लेकाबरोबर जेवला नव्हता. आज सुट्टी होती म्हणून विकी धरून तिघं एका ओळीत बसले, कल्पेश मध्ये, सुकदेव त्याच्या उजव्या हाताला.

या घरात पाण्याचं भांडं ताटाच्या डावीकडे असे. उजवा हात उष्टा, त्याने भांडं धरायचं नाही. कल्पेश लहानपणी विसरला की तानूबाई त्याच्या मनगटावर पळी मारायची. पाहुण्यांनाही ती सोडत नसे. मागे एकदा विकीलाच तिने ऐकवलं होतं, "तुमच्यात उष्ट्या हाताने पाणी पितात वाटतं."

तिने सुकदेवचं भांडं डावीकडे ठेवलं. विकीचं डावीकडे. कल्पेशचं तिने उजवीकडे ठेवलं, हाताला रोजची सवय असावी तसं, आणि भाकऱ्या आणायला वळली.

सुकदेवचा घास हातातच राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?" तिने वळून पाहिलं नाही.

सुकदेवने हात लांबवून कल्पेशच्या ताटापाशी असलेलं भांडं उचललं आणि आवाज न करता त्याच्या पाठीमागून डावीकडे, त्याच्या गुडघ्याशी ठेवलं. कल्पेश भाकरी मोडत होता. विकीने पाहिलं आणि मोबाइल काढला.

ठेचा जाळ होता. दुसऱ्याच घासाला कल्पेशच्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत. त्याचा उष्टा हात उजवीकडे गेला. त्याने जमीन चाचपली. पुन्हा चाचपली. मग हात तिथेच थांबला; डाव्या गुडघ्याशी असलेल्या भांड्याकडे तो वळलाच नाही.

"विकीभाऊ," सुकदेव म्हणाला, "शनिवारी गाडीत एक जागा ठेवा. डॉक्टरपुढे याचा उजवा डोळा मी झाकणार."

विकी मोबाइलवरून बोट फिरवत राहिला.

तानूबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. तिने ती खाली ठेवली, वाकून लेकाच्या डाव्या गुडघ्याजवळचं भांडं उचललं, आणि पुन्हा उजवीकडे ठेवलं.