दोघांची गाडी

नवऱ्याने चावी फिरवली. टक. पुढे काही नाही.

“मार!” तो आतून ओरडला. बॉनेटखाली वाकून तिने सेल्फच्या मोटरवर पान्याचा ठोका घातला. मोटर ढिम्म. “झोपलीस का? जोरात मार!” तिने जोरात मारलं. सकाळपासून हेच चाललं होतं आणि त्याला पंपहाउसवर कामाला जायला उशीर होत होता. तो राग कुणावर निघणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गाडी जुनी होती, बिघाडही जुना होता. इंजिनाला पहिली गिरकी देणारी ती मोटर अडून बसायची. एकाने चावी धरून ठेवायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं, तेव्हा कुठे ती जागी व्हायची. परतताना पंपहाउसचा उतार होता. तिथे गाडी नुसती सोडली की सुरू व्हायची. घरासमोर मात्र सगळं सपाट. दुसऱ्या कुणी केव्हाच दुरुस्त करून घेतली असती. याला मात्र तो बिघाड फार सोयीचा होता.

घर वस्तीपासून लांब. बस नाही. फोन त्याच्या खिशात. गाडी चालवायला ती लग्नाआधीच शिकली होती, आणि “निघून ये, पुढचं मी बघते,” असं बहिणीने कधीचंच सांगून ठेवलं होतं. रविवारी दुपारी जेवून नवरा आडवा झाला की घोरत पडायचा. एका रविवारी तिने प्रयत्न करून पाहिला. चावी फिरवायची, धावत पुढे जाऊन ठोकायचं, धावत परत यायचं. दोन्हीकडे एकदम हात कसा पोचणार? वर ठोक्यांनी त्याची झोप मोडली. तिने वर पाहिलं तेव्हा तो खिडकीत उभा राहून हसत होता. पोटभर हसून झाल्यावर तो बाहेर आला. तेव्हापासून तिचं डावं मनगट नीट वळत नाही. चावी त्याने त्यानंतरही लपवली नाही. गरजच काय होती?

शेवटी त्या सकाळी त्याने फोन करून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने हेडलाइट लावायला सांगितले आणि चावी फिरवायला लावली. दिवे मंद झाले नाहीत.

“बॅटरी ठणठणीत आहे,” तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “वहिनी, आवाज कसा येतो? एकदाच टक, की टकटकटक?”

“तिला काय विचारता?” नवरा म्हणाला.

“ठोकतं कोण?” मिस्त्रीने विचारलं.

“एकदाच,” ती म्हणाली. “मग गप्प. मागच्या अंगाला मारलं तरच फिरते.”

“मग आतले कार्बन झिजलेत. नवे टाकले की ठोकाबिका काही नको. एकट्या माणसाने बसायचं आणि निघायचं.”

तिची नजर चावीकडे गेली.

“नवं काही टाकायचं नाही,” नवरा म्हणाला. “नुसती साफ करा. एका ठोक्यात सुरू झाली म्हणजे पुरे.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. “आमची गाडी दोघांची आहे, मिस्त्री. एकट्याने चालायला लागली तर संसार कसा चालायचा?”

मिस्त्री हसला नाही. ती पाणी घेऊन आली होती. तांब्या उजव्या हातात होता आणि डावा हात तिने पदराखाली घेतला होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग मोटर खोलून तो पायरीवर बसला. नवरा फोनवर पंपहाउसच्या साहेबाला उशिराची कारणं सांगत अंगणात येरझारा घालत होता. मिस्त्रीचे पाय धरावेत असं तिला वाटलं, पण नवरा चार पावलांवरच होता.

मोटर पुन्हा बसवून मिस्त्रीने हात पुसले.

“वहिनी, आता आवाजाची वाट बघायची नाही. साहेबांनी चावी फिरवली की त्याच क्षणी ठोका. एकदाही चुकवू नका.”

“चुकवेल कशी!” नवरा खुशीत म्हणाला.

मिस्त्री निघून गेला. तिने मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. सगळं दिसूनही त्याने कानाडोळा केला होता. वर जाता जाता तिलाच ताकीद दिली होती. तोही त्यातलाच, असं म्हणून तिने त्याची आशा सोडली.

त्यानंतर गाडी रोज एका ठोक्यात सुरू व्हायला लागली. नवरा मिस्त्रीचं कौतुक करून थकत नव्हता. ती रोज पाना उचलायची, चावीवरच्या हाताकडे बघायची आणि ठोकायची.

मग एका सकाळी तिच्या घामेजल्या मुठीतून पाना निसटला. ठोका मोटरवर बसलाच नाही, पाना शेजारच्या पत्र्यावर आदळला. आता टक होणार आणि आतून शिवी येणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

इंजिन सुरू झालं.

“शाबास,” नवरा आतून म्हणाला. आवाज त्याने ऐकला होता.

मोटरला तिचा स्पर्शही झाला नव्हता. ती बघतच राहिली. मिस्त्रीने एकदाही चुकवू नका असं का बजावलं होतं, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. तिला रडू फुटलं असतं, पण बॉनेट लावायचं होतं.

रविवार यायला अवकाश होता. तोवर रोज सकाळी तिने पत्र्यावर ठोका मारला, त्याला नीट ऐकू जाईल असा.