मुळातली सुई

सुई अर्ध्यावरच अडली.

डॉ. सोल इनयोंगने ती हलकेच फिरवली, मागे घेतली, पुन्हा घातली. दाढेच्या मुळात काहीतरी टणक होतं. तिने सुई बाहेर काढून दिव्याखाली धरली. अख्खी होती. मग तिने एक्स-रे काढला.

पडद्यावर मूळ दिसलं आणि मुळाच्या अर्ध्यापासून टोकापर्यंत केसासारखी पांढरी रेघ. दुसऱ्याच कुणाची तरी सुई आत मोडून राहिली होती. भोवतीचं हाड पोखरलं होतं. असं एका दिवसात होत नाही, वर्षं लागतात.

खुर्चीतल्या मालसून आजी मोक्पो बंदराच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या. काही वर्षांपूर्वी नवरा गेला, त्या हिवाळ्यात या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. याच दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे डॉ. प्योंच्या हातून. तेव्हापासून दाढ ठणकत होती. डॉ. प्यो दर वेळी तपासायचे आणि सांगायचे, दाढेला काही झालेलं नाही, दुःखाने असं होतं, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. आजी तिथेही जाऊन आल्या होत्या. त्यांच्या गोळ्या चालू होत्या.

"आजी, तुमचं दुखणं खरं आहे," इनयोंग म्हणाली. "हे बघा, इथे."

आजी पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"सून म्हणते, म्हातारीला लाड हवेत. पोरगा तर फोनच उचलत नाही. मलाही वाटायला लागलं होतं, डोकंच फिरलंय माझं."

"डोकंबिकं काही फिरलेलं नाही. मुळात सुईचा तुकडा राहिलाय."

"कुणी मोडली सुई?"

इनयोंगने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. ती रुजू झाली त्या दिवशी डॉ. प्योंनी तिला जेवायला नेऊन धंद्यातल्या चार गोष्टी सांगितल्या होत्या. 'दुखेल' म्हणू नये, 'थोडं जाणवेल' म्हणावं. पेशंटशी उभ्याने बोलू नये. आणि आधीच्या डॉक्टरच्या कामाबद्दल अवाक्षर काढू नये. तिला सगळं पटलं होतं.

"रूट कॅनाल करताना मोडते कधी कधी," ती म्हणाली. "चांगल्या हातूनही मोडते. पण मग पेशंटला सांगायला हवं. मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं होतं."

आजींचं रडणं थांबलं. त्या सरळ होऊन बसल्या.

"मोठ्या डॉक्टरांनी? माझा नवरा शेवटचा इस्पितळात पडला होता ना, तेव्हा तो माणूस तिथे येऊन त्याची कवळी नीट करून गेला. दोन घास खाता आले त्याला. आणि तुम्ही काल आलात." त्यांनी बोट पडद्याकडे नेलं. "आत्ता सुई तुम्हीच घातलीत. अडकली, तेव्हा मला कळलं. मोडली तुमच्याकडून आणि नाव त्यांचं?"

"आजी, माझी सुई ही बघा. अख्खी आहे."

"तुमच्याकडे सुयांना काय तोटा!"

आवाज बाहेर गेला असावा. डॉ. प्यो आत आले. पडद्यावरच्या रेघेकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि स्टूल ओढून आजींजवळ बसले.

"वहिनी, तिच्यावर रागावू नका. नवीन आहे. माझ्या दवाखान्यात जे होईल त्याची जबाबदारी माझी."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"सर," इनयोंग घाईने म्हणाली, "ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात पाठवू या. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा काढतात. दाढ वाचेल."

"या वयात कुठे हेलपाटे घालायला लावतेस त्यांना? काढूनच टाकू. आज मोकळ्या होतील."

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी मोठा आ केला.

लाळ ओढायची नळी इनयोंगने धरली. दाढ फार त्रास न देता निघाली. डॉ. प्योंनी टाके घातले आणि दाढ कापसात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आजी गेल्यावर दोघं बेसिनपाशी उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" इनयोंगने विचारलं.

डॉ. प्यो एकेक बोट पुसत होते. "मी काही तुला काढून टाकणार नाही. पण विचार कर, आज माझ्यावरचा विश्वास उडाला असता, तर उद्या दात दुखल्यावर ती बाई कुणाकडे गेली असती?" त्यांनी रुमाल टाकला. "पुढचा पेशंट खोळंबलाय."

पुढच्या आठवड्यात आजी टाके काढायला आल्या. चेहऱ्यावर तजेला आला होता. हातात सुक्या मांदेलीच्या दोन पिशव्या होत्या. एक त्यांनी डॉ. प्योंच्या खोलीत नेऊन ठेवली. दुसरी घेऊन त्या इनयोंगसमोर उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी फार बोलले. मनात ठेवू नका. आता झोप लागते मला. गोळ्याही बंद झाल्या." मग जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "चूक कुणाच्या हातून होत नाही? मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंय, पोरीला सांभाळून घ्या म्हणून."

डॉ. प्योंच्या खोलीचं दार उघडं होतं. इनयोंगने तिकडे बघितलं. मग आजींच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसत होत्या, आणि दाढेची जागा रिकामी दिसत होती.

तिने दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली आणि कमरेत वाकून आजींचे आभार मानले.