चहाला येणारा वास

पेनीरॉयल या विलायती वनस्पतीच्या तेलाला पुदिन्यासारखा गोड वास येतो, पण चमचाभर पोटात गेलं तर माणूस वाचेलच असं नाही. मुंग्यांसाठी आणलेली बाटली लतिकाने एकदाच हुंगली, मग लेबल वाचलं आणि तशीच घंटागाडीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या चहाला तोच वास येऊ लागला.

"पुदिना टाकलास का? झकास!" म्हणत नवऱ्याने, गौरांगने, कप तोंडाला लावला. तिने तो हिसकावून बेसिनमध्ये ओतला.

तिने दूध बदललं, चहापत्ती बदलली, भांडी बाजारातून नवं पातेलं आणलं. वास हटेना.

"काही दिवस चहाच सोडू," गौरांग म्हणाला.

"माझ्या घरात चहा बंद? मी कोणाच्या बापाला भीत नाही!"

तो ऑफिसला गेल्यावर तिने मुद्दाम दोन कप चहा केला. एक टेबलाच्या मधोमध ठेवला, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"पाजायची एवढी हौस आहे ना? मग आधी तू पी," तिने ठणकावलं.

पंखा बंद होता, तरी त्या कपावरची वाफ खुर्चीकडे वळली. साय थरथरली आणि चहा हळूहळू उतरत गेला, पार तळ दिसेपर्यंत.



मग मधला कप बशीसकट घासत घासत तिच्यापुढे येऊन थांबला. तो परत लोटायला तिने दात-ओठ खात जोर लावला.

कप हलेना. पलीकडून कोणीतरी तो धरून ठेवला होता.